गरीब घोडी

घोड्यावर बोलायचं म्हटलं की माणूस नकळत घाईला येतो. आपल्याकडे घोडा म्हणजे दौड. भीमथडीची तट्टं कुठून कुठवर गेली ते आपण शाळेत शिकलो. आषाढीच्या वारीत रिंगण लागतं, माउलींचा अश्व धावतो आणि त्याच्या टापांखालची माती लोक कपाळाला लावतात. त्या अश्वाच्या पाठीवर कुणी बसलेलं नसतं, तरी तो रिकामा नसतो. कुराणातल्या शंभराव्या सूरेचं नाव ‘अल्-आदियात’, म्हणजे धावणारे घोडे. मोहरममध्ये दुलदुल निघतो. मीही तरुणपणी भरधाव घोड्यांच्या तीन-चार कविता लिहिल्या. त्या आज कुणाला आठवत नाहीत, त्यात मीही आलो.

आमच्या वलवणहून कार्ल्याची लेणी फार लांब नाहीत. तिथल्या चैत्यगृहात कधी गेलात तर खांबांच्या माथ्याकडे बघा. मधल्या मोठ्या दालनाकडे तोंड करून हत्ती बसलेत, उजेडात. खांबाच्या मागल्या अंगाला, बाजूच्या अंधाऱ्या वाटेकडे पाहणारे घोडे आहेत. बहुतेक लोक हत्ती बघून परत येतात. मला आज बोलायचंय ते अशाच मागल्या बाजूच्या घोड्याविषयी. जो धावत नाही, फक्त चालतो. तेही दुसऱ्याच्या पायांऐवजी.

माझे वडील, आम्ही त्यांना अब्बा म्हणायचो, लोणावळा स्टेशनवर टांगा लावायचे. मी सांगतोय ती गोष्ट १९७०च्या दशकातली. सुटीत मुंबईहून पारशी, गुजराती, बोहरी कुटुंबं उतरायची, ट्रंका, बिछाने, थर्मास घेऊन, आणि टांग्यानं आपापल्या बंगल्यांवर जायची. कुणाला टाटांचं वलवण धरण बघायचं असायचं, कुणाला धरणाखालची बाग. या धरणाच्या पाण्यावर १९१५ पासून खोपोलीला वीज तयार होते आणि मुंबईला जाते, हे अब्बा प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगायचे. जणू ती तार त्यांनीच ओढली होती. आमच्या घरात मात्र तेव्हा कंदील होता.

टांग्याला चांदणी होती. सब्जा रंगाची, उंचीला बेताची, देशी वाणाची घोडी. अब्बा तिच्याबद्दल म्हणायचे, ‘जनावर गरीब आहे.’ मराठीतला हा शब्द मला नेहमी थांबवतो. जो चावत नाही, दुगाण्या झाडत नाही, त्या जनावराला आपण गरीब म्हणतो. पैसा नसलेल्या माणसालाही गरीबच म्हणतो. दोघांकडून आपली अपेक्षा एकच असते बहुधा.

तर चांदणी गरीब होती, पण तिला एक खोड होती. छत्री उघडली की ती बिचकायची. आता लोणावळ्यात टांग्याला जुंपलेल्या घोडीनं छत्रीला बिचकावं म्हणजे कोळिणीनं माशाच्या वासाला नाक मुरडावं तसं. जून ते सप्टेंबर अब्बांचा जीव टांगणीला. झापडं बांधलेली असायची तरी मागं ‘फट्’ आवाज झाला की ती चार पावलं उधळायची आणि गिऱ्हाईक ओरडायचं. ‘बाई, छत्री उतरून उघडा,’ असं सांगणारा टांगेवाला म्हणून स्टँडवर अब्बांची थट्टा चालायची.

माझी धाकटी बहीण माझ्याहून तीन वर्षांनी लहान. १९७५च्या पावसाळ्यात तिला ताप आला. तीन वर्षांची होती. ताप चार दिवसांत उतरला, पण ती उठून उभी राहीना. त्या काळी घरोघरी येऊन दोन थेंब पाजणारं कुणी नव्हतं. पल्स पोलिओची मोहीम देशभर सुरू झाली ती १९९५ साली. भारतातला शेवटचा रुग्ण १३ जानेवारी २०११ला हावड्यात सापडला आणि २७ मार्च २०१४ला आपला देश पोलिओमुक्त असल्याचं जाहीर झालं. त्या दिवशी मी तिला फोन केला. ती म्हणाली, ‘अच्छा हुआ.’ एवढंच.

पोलिओत नेमकं काय होतं ते मला फार उशिरा कळलं. मज्जारज्जूतल्या ज्या पेशी स्नायूंना हुकूम देतात, त्या मरतात. हुकूम जात नाही म्हणून पाय हलत नाही, झिजत जातो. पण स्पर्श जिवंत राहतो. गार, गरम, दुखणं, गुदगुल्या सगळं कळतं. पाय तुमचाच असतो, फक्त तुमचं ऐकत नाही. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

तिला कॅलिपर मिळाले. लोखंडी पट्ट्या, चामड्याचे पट्टे, वजनदार बूट. ते घालून ती चार पावलं टाकायची आणि रडायची. कमरेतूनही ती उजवीकडे कलायची. भिंतीला टेकवून बसवलं तरी धान्याचं पोतं घसरावं तशी घसरायची. संध्याकाळी टांगा सुटला की अब्बा चांदणीला पाणी दाखवायला इंद्रायणीवर न्यायचे. मी बरोबर जायचो. बहीण दारात बसून आमच्या नावानं हाका मारायची. एक दिवस अब्बांना ते ऐकवेना. त्यांनी मागं फिरून तिला उचललं आणि चांदणीच्या पाठीवर ठेवलं. खोगीर नाही, काही नाही, दुहेरी घातलेली घोंगडी. अम्मी ओरडत बाहेर आली. अब्बा म्हणाले, ‘पकड के रखा है ना!’ आणि लगाम धरून चालायला लागले.

एका बाजूला अब्बा, दुसऱ्या बाजूला मी. माझं काम तिचा पाय घोट्याजवळ धरून ठेवायचा. मी आठ वर्षांचा होतो. आळीतली पोरं तेव्हा क्रिकेट खेळत असायची आणि मी बहिणीचा पाय धरून नदीवर जायचो. मला त्याचा राग यायचा हे आज कबूल केलेलं बरं.

पण त्यानंतर हे रोजचं झालं. पाऊस सोडून बाकी आठ महिने. चांदणीची चाल कदमाची, डुलत डुलत. पहिल्या दिवसांत बहीण कलली की अब्बा तिला सरळ करायचे. मग ती स्वतःच सावरायला लागली. हिवाळ्यापर्यंत आयाळ धरून ताठ बसली. पुढच्या उन्हाळ्यात तिचे दोन्ही हात मोकळे होते आणि त्यांत करवंदं होती. ती सारखं एक सांगायची, ‘इसका पेट गरम है.’ पायांना पट्ट्या नसायच्या त्या वेळी. न हलणारे ते दोन पाय चांदणीच्या कुशीला लागलेले असायचे आणि तिथली ऊब त्यांना कळायची.

श्रोतेहो, माझ्या मनात जे रुतून बसलंय ते वेगळंच आहे. एकदा नदीवरून येताना अवकाळी पावसाची सर आली आणि समोरून येणाऱ्या एका बाईंनी आमच्यापासून हातभर अंतरावर छत्री उघडली. अब्बांचा चेहरा पांढरा पडला. मी बहिणीचा पाय गच्च धरला. चांदणी थांबली. तिच्या मानेवरची, खांद्यावरची कातडी थरथरत होती, नाकपुड्या फुलल्या होत्या, कान मागं गेले होते. पण तिनं पाऊल हलवलं नाही. छत्री निघून जाईपर्यंत ती तशीच उभी राहिली, मग लांब श्वास सोडून फुरफुरली आणि चालायला लागली. टांग्याला जुंपलेली हीच घोडी दुसऱ्या दिवशी सकाळी छत्रीला बिचकून उधळली. म्हणजे भीती गेलेली नव्हती. बहीण पाठीवर असली की ती भीती धरून ठेवायची.

पुण्याच्या एका मोठ्या इस्पितळात वर्षातून एकदा दाखवायला न्यायचो. तिथल्या डॉक्टरांनी तिला बसवून पाहिलं, इकडून तिकडून हलकंसं ढकललं आणि विचारलं, ‘काय व्यायाम घेता?’ अब्बा म्हणाले, ‘कुछ नहीं साहेब, घोडी पे बिठाता हूँ.’ डॉक्टर हसले. ‘पडू देऊ नका,’ म्हणाले. मोठं शहाणं वाक्य होतं ते.

हे सगळं घोडीमुळंच झालं असं मी शपथेवर सांगणार नाही. पोलिओनंतर काही स्नायू आपोआपही सुधारतात, कॅलिपरचा सरावही होताच. पण काही वर्षांपूर्वी पोलिओविषयी वाचत असताना मला लिस हार्टेल भेटली, आणि मी पुस्तक मिटून बराच वेळ नुसता बसलो.

लिस हार्टेल डेन्मार्कची. जन्म १९२१चा. घोडेस्वारीत नाव कमावलेली. १९४४ साली, तेवीस वर्षांची आणि गरोदर असताना, तिला पोलिओ झाला. मुलगी सुखरूप जन्मली. हार्टेल हळूहळू उभी राहिली, पण गुडघ्याखालचे पाय परत आले नाहीत. डॉक्टरांचा विरोध असताना ती पुन्हा घोड्यावर बसली आणि तीन वर्षांत स्पर्धेत उतरली. तिचा प्रकार ड्रेसाज. यात वेग नाही, उड्या नाहीत. स्वाराच्या बघणाऱ्याला न दिसणाऱ्या खुणांवर घोड्यानं मोजून पावलं टाकायची. या खुणा मुख्यतः पायांनी द्यायच्या असतात. हार्टेलकडे ते पायच नव्हते. तिनं आपल्या घोडीला पाठीचा कणा आणि शरीराचा भार यांची भाषा शिकवली. ती घोडी मोठी खानदानी नव्हती, साधी होती. नाव ज्युबिली.

१९५२चं हेलसिंकी ऑलिंपिक. त्या वर्षी ड्रेसाज पहिल्यांदा स्त्रियांसाठी खुलं झालं. त्याआधी ते फक्त लष्करी अधिकाऱ्यांचं होतं. पुरुषांबरोबर एकाच स्पर्धेत उतरून हार्टेलनं रौप्यपदक मिळवलं. घोड्यावर चढायला आणि उतरायला तिला माणूस लागायचा. सुवर्णपदक मिळवणारे स्वीडनचे आंरी सँ सीर यांनी तिला आधार देऊन पदकाच्या चौथऱ्यावर नेलं. चार वर्षांनी तिनं पुन्हा रौप्य जिंकलं. ऑलिंपिक होतं मेलबर्नचं, पण बाहेरचे घोडे आत घेण्याबाबत ऑस्ट्रेलियाचे नियम कडक, म्हणून घोड्यांच्या स्पर्धा स्टॉकहोमला झाल्या. हार्टेल २००९मध्ये वारली.

तिच्या पदकानं युरोपातल्या डॉक्टरांचे आणि फिजिओथेरपिस्टांचे डोळे घोड्याकडे वळले. १९६९ साली ब्रिटनमध्ये आणि त्याच वर्षी अमेरिकेत अपंगांच्या घोडेस्वारीसाठी देशव्यापी संस्था उभ्या राहिल्या. आता हे जगभर चालतं, आपल्याकडेही काही मोठ्या शहरांत. पोलिओची मुलं आता येत नाहीत. येतात ती सेरेब्रल पाल्सीची, स्वमग्न, कुणी अपघातातून उठलेली.

त्यामागचं गणित ऐकण्यासारखं आहे. घोडा कदमानं चालतो तेव्हा त्याची पाठ पुढं-मागं, डावी-उजवीकडे आणि वर-खाली अशी एकदमच हलते. आपण माणसं चालतो तेव्हा आपली कंबर जवळजवळ अशीच हलते. म्हणजे ज्याला चालता येत नाही, त्याच्या कमरेला घोडा चालण्याची आठवण देतो. मिनिटाला शंभराच्या आसपास झोके, अर्ध्या तासात तीन हजार. प्रत्येक झोक्याला शरीर तोल जाऊ देतं आणि परत धरतं. कुठल्या व्यायामशाळेत मूल तीन हजार वेळा न कुरकुरता तेच करील? त्यात घोड्याचं अंग आपल्याहून जरा गरम, अडतीस अंशांच्या आसपास. सेरेब्रल पाल्सीत मांड्यांचे स्नायू आखडलेले असतात, ते या उबेनं आणि झोक्यानं थोडे सैल पडतात. बसण्याची ढब आणि तोल सुधारतो, एवढं अभ्यासांत दिसलेलं आहे. त्यापुढचे मोठमोठे दावे तितके पक्के नाहीत. मेलेली नस घोडा जिवंत करत नाही. आणि हे ऐकून कुणी आपलं मूल उचलून पर्यटकांच्या घोड्यावर बसवू नये. ज्याचं खुब्याचं हाड सरकलेलं आहे, ज्याच्या फिट्स आटोक्यात नाहीत, डाउन सिंड्रोममध्ये ज्याच्या मानेचे मणके सैल आहेत, अशांना त्यात धोका असतो. डॉक्टरांना विचारावं लागतं, जाणता माणूस लागतो, डोक्यावर हेल्मेट लागतं.

आणि लागतात तीन माणसं. एक घोड्याच्या डोक्याशी, लगाम धरून. दोघं दोन बाजूंना, स्वाराचा पाय धरून. मी हे वाचलं तेव्हा मला हसू आलं आणि पुढं वाचवेना. क्रिकेट बुडवून मी काय करत होतो, त्याला जगात नाव होतं.

आता घोड्याची बाजू. घोडा हा पळून जीव वाचवणारा प्राणी. त्याला वाघ, बिबट्या मारून खातो, तो कुणाला खात नाही. डोळे डोक्याच्या दोन बाजूंना, जवळजवळ सगळीकडचं दिसतं. फक्त अगदी नाकासमोरचं आणि अगदी मागचं दिसत नाही. मागून अचानक आवाज आला तर आधी पळायचं, विचार नंतर, हा त्याचा लाखो वर्षांचा धर्म. अशा प्राण्यानं किंचाळणाऱ्या मुलाशेजारी, चाकाच्या खुर्चीशेजारी, अंगावर वेडावाकडा भार घेऊन निश्चल उभं राहायचं. या कामाला घोडा निवडताना रुबाब बघत नाहीत. वयानं पोक्त, उंचीला बेताचा, चालीला एकसारखा घोडा घेतात. त्याला चेंडू, छत्र्या, कुबड्या, खडखडाट यांची महिनोन् महिने ओळख करून देतात. होय, छत्र्यांचीसुद्धा. आणि जाणती माणसं अशा घोड्याला दिवसात मोजकेच फेरे देतात, बाकी वेळ मोकळं चरायला सोडतात. कारण नुसतं चालून तो थकत नाही, सावरून धरण्यानं थकतो. वरून काही दिसत नाही. गरीब असतो ना.

चांदणीला असं कुणी मोजलं नाही. दिवसभर टांगा, संध्याकाळी बहीण.

ऐंशीच्या दशकात रिक्षा आल्या. स्टेशनबाहेर टांगे उभेच राहायला लागले. चंदीचा, गवताचा, नालबंदीचा खर्च रोजचा. १९८७ साली मी बारावी झालो आणि पुण्याला कॉलेजात जायचं म्हणालो. अब्बांनी एका रात्री हिशेब मांडला, तेव्हा म्हणाले, ‘दाना एकच जगह पडेगा. घोडी को डालूँ के किताब को?’ मी काही बोललो नाही. माझं न बोलणं हेच उत्तर होतं. कर्जही होतं, चांदणीचं वयही झालं होतं, ती फक्त माझ्यासाठी विकली असं म्हणणं खरं नाही. पण माझा प्रवेश अर्ज तेव्हा भरून तयार होता.

चिंचवडकडचा एक माणूस बघायला आला. त्याला लग्नाच्या वरातीसाठी शांत घोडी हवी होती. त्यानं दात पाहिले, खूर पाहिले. मग म्हणाला, आवाजाला कशी आहे बघू, आणि अंगणातला पत्र्याचा डबा उचलून तिच्या कानामागं काठीनं बडवला. बहीण तेव्हा पंधरा वर्षांची. ती निरोप घ्यायला आली होती. कुबडी खाली टाकून, चांदणीच्या मानेत हात घालून, सगळा भार तिच्यावर टाकून उभी होती. चांदणीची कातडी थरथरली. पाय हलले नाहीत. डबा परत वाजला. पाय हलले नाहीत.

‘गरीब आहे,’ तो माणूस म्हणाला, ‘चालेल.’

ती कुणासाठी उभी आहे हे त्याला माहीत नव्हतं. अब्बांना होतं. मला होतं. वरातीत फटाके असतात, बँड असतो, हे सगळ्यांनाच माहीत होतं. अब्बांनी पैसे मोजून घेतले. मी बी.ए. झालो, मराठी घेऊन. पुढं अब्बा दोन-तीनदा चिंचवडला जाऊन आले, काही बोलले नाहीत. आम्हीही विचारलं नाही.

बहीण आज पन्नाशी ओलांडून गेलीय. शिवणकाम करते, चार मुली तिच्या हाताखाली तयार झाल्या. शिलाईचं मशीन हातानं फिरवायचं होतं, आता मोटर बसवलीय. अलीकडे तिचे खांदे आणि चांगला म्हणावा तो पायही दुबळा झालाय. पोलिओ होऊन गेल्यावर कित्येक वर्षांनी असं होतं, त्याला पोस्ट-पोलिओ म्हणतात. ज्या स्नायूंनी आयुष्यभर दुसऱ्यांचंही काम केलं, ते थकतात. फार ताणू नका, विश्रांती घेत जा, असं डॉक्टर सांगतात. ती ऐकत नाही.

गेल्या पावसाळ्यात मी तिला हार्टेलची सगळी गोष्ट सांगितली. पाठीच्या कण्यानं खुणा करणं, रौप्यपदक, चौथऱ्यावर नेणारा तो स्वीडनचा माणूस. मी जरा रंगवूनच सांगितली असेल, कवीची सवय. ती एका परकराला नेफा घालत होती. मान वर न करता ऐकत राहिली. बोलून झाल्यावर बराच वेळ मशीनचाच आवाज होता.

मग म्हणाली, ‘भाई, उसकी घोडी छत्री को डरती थी क्या?’

‘असं काही लिहिलेलं नाही,’ मी म्हटलं.

‘कौन लिखेगा,’ ती म्हणाली, आणि धागा दातानं तोडला.